नोड ७ ची गळती: कामाच्या नोंदी, मे-जून २०२४

२७ मे, सोमवार

अण्णा (आमच्या केबल टीव्ही आणि इंटरनेटच्या ऑफिसचे साहेब) म्हणाले लिहून ठेव, म्हणून लिहायला घेतलंय. मागच्या वर्षी नोड ४ वर दोन महिने घालवले, एक दिवस सगळं नीट झालं, आणि नेमकं काय केल्यानं झालं ते आज कुणालाच आठवत नाही. यावेळी तसं नको.

नोड म्हणजे खांबावरचा डबा, गल्ल्यांतल्या सगळ्या केबल तिथं एकत्र येतात. नोड ७ म्हणजे कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या पाच गल्ल्या. ३८६ मोडेम आणि त्याच्या दुपटीहून जास्त नुसती टीव्हीवाली घरं. तक्रार एकच, संध्याकाळी नेट "आहे पण नाही". वायफायचे दांडे फुल्ल, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जात नाही, व्हिडिओ कॉलवर पलीकडच्याचं दिसतंय पण आपलं त्याला जात नाही. म्हणजे खाली येणारी लाइन ठीक आहे आणि घरातून वर जाणारी, म्हणजे रिटर्न, बोंबललीय. कंट्रोल रूममध्ये सीएमटीएसवर (सगळ्या मोडेमशी बोलणारं यंत्र) बघितलं तर अपस्ट्रीमचा, म्हणजे वर जाणाऱ्या लाइनचा, एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर आहे तो आकडा, जास्त तेवढा चांगला) दुपारी ३३ डीबी, रात्री नऊनंतर २४ आणि कधी कधी २१. सकाळी सात ते नऊ अजून एक खड्डा, पण तो दातेरी, वर खाली वर खाली. दोन खड्डे दोन वेगळ्या तऱ्हेचे आहेत एवढं आज लिहून ठेवतो.

२८ मे

बारक्याला (नवीन पोरगा, डिप्लोमा झालाय, वायर ओढण्यात वाघ आहे) सकाळी चहाच्या टपरीवर समजावलं. वायरच्या मधल्या तारेतून सिग्नल जातो, त्याच्याभोवती फॉइल आणि जाळी असते ती भिंत. भिंतीला भोक पडलं की आतलं बाहेर सांडतं, ते लीकेज. आणि त्याच भोकातनं बाहेरचा कचरा आत येतो, तो नॉइज. भोक एकच. नॉइज घरोघर जाऊन शोधता येत नाही, लीकेज मात्र रस्त्यावरनं अँटेना घेऊन शोधता येतं. म्हणून लीकेज शोधायचं.

बारक्या म्हणाला, "दादा, एका घरातला कचरा सगळ्यांना का भोवतो?" बरोबर प्रश्न आहे. खाली येताना एक सिग्नल सगळ्यांना वाटला जातो, पण वर जाताना सगळ्या घरांचं एकत्र होऊन नोडवर येतं. जयंती नाल्यासारखं. कुणी काय सोडलं ते शेवटी एकाच ठिकाणी दिसतं आणि तिथं बघून कुणाचं ते कळत नाही.

दुपारी नोडवर चढलो. चार पोर्ट आहेत. एकेकाचा रिटर्न पॅड (सिग्नल कमी करणारा छोटा प्लग) काढून बघायचा मोह झाला होता, पण पॅड काढला की शंभर घरांचं नेट जातं, त्यामुळं टेस्ट पॉइंटवरनंच मीटर लावून बघितलं (तिथं सिग्नल २० डीबी कमी दिसतो, आकडा वाचताना तेवढे मिळवायचे, हे विसरून मागं एकदा माझी चांगलीच फजिती झालीय). पोर्ट १, २, ४ स्वच्छ. पोर्ट ३ वर १५ मेगाहर्ट्झच्या खाली भला मोठा उंचवटा. दुपारी तीनला एवढा असेल तर रात्री काय होत असेल.

पोर्ट ३ म्हणजे तीन अ‍ॅम्प्लिफायर एकामागं एक, तीन गल्ल्या, शेवटचा टॅप (मेन लाइनवरनं घरांच्या वायरी जिथनं निघतात तो डबा) वडापाशी. शोधायची जागा पाच गल्ल्यांवरनं तीनवर आली, हेही नसे थोडके.

३० मे

लीकेज मीटर आहे आपल्याकडं, जुना, अ‍ॅनालॉगच्या काळातला. अडचण अशी की तो मीटर चित्राचा कॅरियर शोधायचा, एक उभी सुई. आता सगळं डिजिटल, आणि डिजिटल चॅनल ८ मेगाहर्ट्झभर पसरलेला असतो, मीटरला तो नुसत्या खरखरीसारखा दिसतो. बाहेर सांडला तरी कळत नाही. नवे मीटर डिजिटलचाच नमुना ओळखून काढतात, पण त्यांची किंमत ऐकून अण्णांनी पंख्याकडं बघितलं. मग हेडएंडला (जिथनं आमचा सगळा सिग्नल निघतो तिथं) सिग्नल जनरेटर लावून दोन चॅनलच्या मधल्या मोकळ्या फटीत एक बारीक मार्कर, म्हणजे आपल्या ओळखीचा सिग्नल, सोडला, १३८ मेगाहर्ट्झच्या जरा वर. लेव्हल शेजारच्या चॅनलएवढीच. आणि त्याच्यावर हळू चढउतार लावला म्हणजे मीटरमध्ये तो "टुक टुक" वाजतो. खांबावर दुसऱ्या ऑपरेटरचीही वायर आहे ना, त्याच्या गळत्या आपण कशाला काढत बसायच्या.

बारक्यानं विचारलं १३८ च का, १२० का नाही. कारण १०८ ते १३७ विमानांचं आहे. ११२ पर्यंत धावपट्टीची दिशा दाखवणारे सिग्नल, ११८ पासून पुढं पायलट आणि टॉवरचं बोलणं. आपले टीव्हीचे चॅनल वायरच्या आत त्याच फ्रिक्वेन्सीवर आरामात चालतात, आत आहे तोवर कुणाचं काही जात नाही. पण मुद्दाम एक टोकदार मार्कर तिथं ठेवायचा आणि उजळाईवाडीला विमान उतरत असताना आमच्या फुटक्या जॉइंटमधनं तो बाहेर, असलं काम नको. १९७६ ला अमेरिकेत हॅरिसबर्गला असंच झालेलं, केबलचा ११८.२५ वरचा एक ठरावीक सिग्नल गळून विमानाच्या रेडिओत घुसला होता. तिथले लीकेजचे कडक नियम त्याच्यानंतरचे. डिजिटल चॅनलचं त्या मानानं बरं, ८ मेगाहर्ट्झवर पसरल्यामुळं विमानाच्या २५ किलोहर्ट्झच्या चॅनलच्या वाट्याला त्यातला तीनशेवा हिस्सासुद्धा येत नाही.

डायपोल (मीटरला लावायची अँटेना) घरीच केला. जुन्या ट्रान्झिस्टरच्या दोन ओढायच्या एरियल, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर स्क्रूनं बसवल्या, टोकापासून टोकापर्यंत १०३ सेंटिमीटर. हिशोब सोपा आहे, मीटरवर जेवढे मायक्रोव्होल्ट येतात त्याला ०.०२१ नं आणि मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीनं गुणायचं की मायक्रोव्होल्ट पर मीटर मिळतात. १३८ ला साधारण २.९ पट. अमेरिकन नियमात या पट्ट्यात ३ मीटरवर २० च्या वर गेलं की गळती धरतात, आम्ही तोच आकडा भिंतीवर लिहिलाय. म्हणजे मीटरवर जेमतेम ७ मायक्रोव्होल्ट आले तरी थांबायचं.

१ जून, शनिवार

पहिली फेरी. मी अ‍ॅक्टिव्हा चालवतोय, मागं बारक्या डायपोल आडवा धरून. पहिल्या गल्लीत दोन जणांनी विचारलं पाणी शोधताय काय.

एकूण ११ गळत्या सापडल्या. सगळ्यात मोठी दुसऱ्या गल्लीतल्या बंगल्याच्या कोपऱ्यावर, ३ मीटरवर ३८०. म्हणजे मर्यादेच्या एकोणीस पट. मीटर नुसता कोकलत होता.

तो जॉइंट इथं सविस्तर लिहितो कारण अशी नक्षी मी तरी बघितली नव्हती. वायर तुटलेली असणार कधीतरी, जोडणाऱ्यानं दोन्ही मधल्या तारा बोटांनी पिळल्या, ट्यूबलाइटच्या वायरीला करतात तसं. त्याच्यावर काळी टेप. जाळी दोन्हीकडची मागं सारलेली, एकमेकीला टेकलेलीच नाही, म्हणजे मध्ये चार बोटं भिंतच नाही. मग पावसापासून वाचवायला दुधाची पिशवी गुंडाळली, त्याला सुतळी बांधली, आणि पिशवीत पाणी साठू नये म्हणून खाली अगरबत्तीनं एक भोक पाडलं. विचार केलाय माणसानं! टेप सोडवली तर आतला चिकटा बोटाला लागला, जाळी पांढरी पडून भुकटी झालेली. घरचे आजोबा म्हणाले, "अहो पण टीव्ही झकास दिसतोय की." दिसतोय, खरंय. टीव्हीला एवढं पुरतं.

टॅपपासून नवीन ड्रॉप (घरापर्यंतची वायर) ओढला, कॉम्प्रेशन कनेक्टर दोन्ही बाजूला. ३८० चे ४ झाले. खूश होऊन दोघांनी मिसळ खाल्ली.

२ जून

रात्री ग्राफ बघितला. पोर्ट ३ वर काहीही फरक नाही. २३ डीबी. मिसळ वाया गेली.

४ जून

मतमोजणी. अण्णांचा हुकूम, आज खांबाला कुणी हात लावायचा नाही.

६ जून

अजून चार गळत्या बंद, सगळ्या मोठ्या मोठ्या, ९० च्या वरच्या. एसएनआर रात्री २३ चा २४ झाला. बारक्या म्हणतोय "दादा, मीटर खोटं बोलतोय." मीटर खोटं बोलत नाहीये, पण काहीतरी चुकतंय हे नक्की. यादी मायक्रोव्होल्टच्या क्रमानं लावलीय, वरून खाली येतोय, आणि नॉइज हलायला तयार नाही.

आज पाऊस चालू झाला. पुढच्या आठवड्यात ओले जॉइंट आणखी निघतील.

९ जून, रविवार

भारत-पाकिस्तान. पहिली इनिंग कशीबशी निघाली, पाकिस्तानची बॅटिंग चालू झाली आणि ११:२० ला नोड ७ आडवा. फोनवर फोन. एकानं मला थेट विचारलं की तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात.

ग्राफवर एसएनआर १७. सीएमटीएसनं आपलंआपण मॉड्युलेशन (सिग्नलमध्ये एका वेळी किती माहिती भरायची ती पद्धत) खाली आणलं, ६४ क्वॅमवरनं १६ वर आणि तिथनं क्यूपीएसके वर. ६.४ मेगाहर्ट्झच्या एका अपस्ट्रीमचे ३०.७२ एमबीपीएस होते त्याचे १०.२४ झाले, असे तीन अपस्ट्रीम, म्हणजे ९२ चे ३०, आणि त्यात ३८६ घरं. लोक म्हणतात आम्ही तर मॅच नुसती बघतोय, काही पाठवत नाही. पण खाली आलेल्या डेटाची पोच वर पाठवावी लागते, पोच हरवली की पलीकडचा सर्व्हर हात आखडता घेतो आणि बुमराह अर्ध्या रनअपमध्ये गोठतो.

मी मॅच सोडून स्पेक्ट्रम बघत बसलो (नंतर कळलं, सहा रननी जिंकलो). खाली ६ ते १२ मेगाहर्ट्झमध्ये सुयांचं रान उगवलं होतं. ७.३ च्या आसपास झुबका, ९.४ ते ९.९ मध्ये मोठा झुबका, ११.६ च्या वर अजून एक. हे पट्टे ओळखीचे आहेत, शॉर्टवेव्ह रेडिओचे, ४१ मीटर, ३१ मीटर, २५ मीटर. रात्री आकाशातनं परावर्तन होऊन लांबची स्टेशनं लागतात तेच. म्हणून संध्याकाळनंतर वाढतं! मीटरचा एएम डिमॉड्युलेटर लावून स्पीकर चालू केला आणि आमच्या इंटरनेटच्या लाइनमध्ये एक बाई स्पष्ट आवाजात चिनीत काहीतरी वाचत होती. अंगावर काटाच आला.

दुसरी गोष्ट अशी दिसली की ६५ च्या वर, जिथं रिटर्नमध्ये काहीच नसायला पाहिजे, तिथंही फरशी, म्हणजे नॉइजची तळाची पातळी, उचललेली. म्हणजे नोडमधला रिटर्नचा लेझर (वर जाणारा सिग्नल प्रकाशात बदलून पाठवणारा) क्लिप होतोय, झेपेना एवढी ताकद आल्यानं सिग्नल कापतोय. आमचे अपस्ट्रीम शॉर्टवेव्हच्या या झुबक्यांच्या वर ठेवलेत, वाटायचं तिथं काय धक्का लागणार नाही. पण खालून एवढी ताकद घुसली की लेझरची मान मुरगळते आणि मग सगळ्यांचंच वाटोळं होतं, कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे याला काही अर्थ राहत नाही.

शॉर्टवेव्ह एवढं जोरात घुसायला एरियल लागते. लांब, उघड्यावर. कुठंतरी पंधरा वीस फूट तार आभाळाकडं बघत उभी आहे.

१० जून

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी दात घासताना टाळकं चालू झालं, आणि इतकी साधी गोष्ट आहे की लिहितानाही लाज वाटतेय.

खाली येणारा सिग्नल प्रत्येक टॅपच्या तोंडाशी साधारण सारखाच असतो, टॅपचे आकडे (टॅप सिग्नल किती डीबी कमी करतो तो आकडा) त्यासाठीच बदलत ठेवतात, अ‍ॅम्पजवळ २६ चा टॅप, मग २३, २०, करत करत शेवटी ८ चा. त्यामुळं भोक कुठंही असो, बाहेर सांडणारं लीकेज साधारण भोकाच्या आकारावर. पण वर जाणारा कचरा त्याच टॅपमधनं उलटा जातो! २६ च्या टॅपवरचा कचरा २६ डीबी मार खाऊन मेन लाइनवर येतो आणि ८ च्या टॅपवरचा फक्त ८. फरक १८ डीबी, म्हणजे ताकदीत ६३ पट. तो ३८० वाला बंगला कुठल्या टॅपवर होता? २६ च्या. रस्त्यावर कोकलत होता पण नोडला त्याचा आवाज जेमतेम जात होता. आम्ही दहा दिवस बोंबलणाऱ्याच्या मागं लागलो आणि हळू बोलणारा नोडच्या कानाशी बसलेला.

यादी नव्यानं लावली, मायक्रोव्होल्ट बाजूला, टॅपच्या आकड्यानं. नवव्या नंबरला असलेली ३५ मायक्रोव्होल्टची गळती पहिली आली. शेवटचा टॅप, चार तोंडांचा, ८ चा, वडापाशी. इथनं पुढं कुठलाही नोड असो, यादी अशीच लावायची.

१२ जून

वडाजवळचा टॅप. चार तोंडं, दोनवर गिऱ्हाईक, एक रिकामं (टर्मिनेटर, म्हणजे मोकळं तोंड बंद करणारी टोपी, नाही, मुंग्यांचं घर आहे आत), आणि चौथ्याची वायर समोरच्या तीन मजली घराच्या गच्चीवर गेलेली. रेकॉर्डला ते कनेक्शन बंद. तीन वर्षांपूर्वी त्यांनी डिश बसवली, आम्ही बॉक्स परत आणला, वायर तशीच. चूक आमचीच, वायर टॅपपासून सोडायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं कुणी काढत नाही.

गच्चीवर गेलो तर त्या वायरीवर साड्या वाळत घातलेल्या.

म्हणजे खरोखर, आमची आरजी-६ (केबलची वायर), पाण्याच्या टाकीच्या पाइपापासून जिन्याच्या खोलीच्या खिळ्यापर्यंत ताणून बांधलेली, मध्ये दोन चादरी, एक साडी, शाळेचा युनिफॉर्म. पॅरापेटवरनं जिथं वळते तिथं उन्हानं वरचं काळं कव्हर फुटून गळून गेलंय, रोजच्या ओढाताणीनं जाळी तुटून केसासारखी उभी राहिलीय, फॉइल कधीच उडालं, आणि त्या फुटलेल्या जागेत मधली तार तेवढी अखंड. तिथनं पुढं वीस फूट मधली तार आहे आणि तिच्या भोवतीच्या जाळीचा टॅपशी काही संबंध उरलेला नाही. शॉर्टवेव्हची याच्यापेक्षा चांगली एरियल मी मुद्दाम बांधायला गेलो असतो तरी जमली नसती. १३८ ला मात्र ती फार सांडत नव्हती, खालून रस्त्यावरनं ३५ च दिसलं आणि आम्ही "हे नंतर बघू" म्हणून पुढं गेलो होतो.

काकू वर आल्या. मी म्हटलं, "काकू, ही वायर काढावी लागेल." "का हो? एवढी चांगली दोरी आहे, गंजत नाही." त्यांना काय सांगणार चिनी बाई. "नेटला त्रास होतोय गल्लीतल्या." "मग आमचे कपडे?" बारक्याला खाली पाठवून नायलॉनची दोरी आणली, आम्हीच बांधली, गाठ त्यांच्या पसंतीची मारली, कपडे परत घातले. तोवर त्यांनी चहा आणला. मग टॅपवरनं वायर सोडली आणि दोन्ही मोकळ्या तोंडांवर टर्मिनेटर.

रात्री १० वाजता: ३१ डीबी. १५ च्या खालचं रान गायब, दोन तीन बारक्या सुया आहेत. ६५ च्या वरची फरशी खाली बसली.

१४ जून

सकाळचा दातेरी खड्डा अजून तसाच आहे. तो वेगळाच प्राणी आहे हे २७ तारखेला लिहिलं होतं. हा सुयांचा नाही, झटक्यांचा, २० मेगाहर्ट्झपर्यंत सगळंच एकदम उचलतो आणि सोडतो. ठिणगीचा नॉइज. मोटर, स्विच, असलं काहीतरी. बरोबर ७:१० च्या सुमाराला चालू होतो आणि नऊला संपतो, रविवारी उशिरा चालू होतो! म्हणजे हा शाळेच्या डब्याचा नॉइज आहे.

१८ जून

बारक्या दुसऱ्या अ‍ॅम्पपाशी टेस्ट पॉइंटला मीटर लावून, मी फोनवर. कमी आकड्याच्या टॅपपासून सुरुवात केली, एक तोंड सोडायचं, बघायचं, परत लावायचं, एकेक मिनिट. सकाळी साडेसातला नेट घालवल्याबद्दल दोन घरांतनं ऐकून घेतलं. ११ च्या टॅपच्या तिसऱ्या तोंडावर झटके थांबले.

घरात गेलो. मावशी एकट्या, डब्याची गडबड. म्हटलं, "मावशी, मिक्सर कधी लावता तुम्ही?" त्यांनी संशयानं बघितलं. "आत्ताच चटणी केली की. का?" "परत एकदा लावा जरा." "काय वाटू?" "काहीबी वाटा." त्यांनी रिकामाच फिरवला, फोनवर बारक्या ओरडला, "आला आला आला!" बंद केला, "गेला!" तीनदा केलं. मावशींना वाटलं मिक्सर बिघडलाय, तो आणा दुरुस्त करून म्हणाल्या. मिक्सरचं काही नाही, कार्बन ब्रशच्या मोटरीत ठिणग्या उडतातच, सगळ्यांच्याच उडतात. प्रश्न हा की त्या आमच्या वायरीत शिरल्या कुठनं. फ्रीज सरकवला. मागं बाजारातनं आणलेला स्प्लिटर, तीन तोंडांचा, त्याच्या आत येणाऱ्या वायरीचा कनेक्टर बोटानं गोल गोल फिरतोय, दोन आटे जेमतेम बसलेत. आणि मिक्सरची पिन त्याच्या वीतभर वर. तिसऱ्या तोंडातनं एक वायर निघून बेडरूमकडं गेलीय आणि तिच्या शेवटी काहीच नाही, नुसती उघडी.

कनेक्टर कापून नवा केला. (बारक्यासाठी लिहितो, कारण परवा त्याचे दोन फेल गेले. पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या आत तळाशी सपाट बसलेलं दिसलं पाहिजे, मधली तार तोंडाबाहेर फार तर ३ मिलिमीटर, जाळीचा एक केससुद्धा मधल्या तारेला लागता कामा नये. हातानं घट्ट झाल्यावर ११ च्या पान्यानं अजून पाव फेरी. पान्याशिवाय "बसला" म्हणायचं नाही.) स्प्लिटर चांगल्यातला दोन तोंडांचा, बेडरूमची वायर काढूनच टाकली. परत मिक्सर. बारक्या म्हणाला, "लावला का? दिसत नाही काय." लावलाच होता. मावशींनी यावेळी त्यात शेंगदाणे टाकले, उगाच रिकामा कशाला फिरवा.

अण्णांना एक सांगितलंय आणि ते पटलंय. टीव्हीवाल्या घरांतला बॉक्स वर काही पाठवत नाही, त्याला रिटर्न लागतच नाही. मग त्या घरांच्या तोंडावर टॅपलाच हाय-पास फिल्टर लावून टाकू, ५ ते ६५ अडवतो, वरचं सगळं सोडतो, टीव्हीला काही कळत नाही. घरात मग मिक्सर फिरवा नाहीतर वेल्डिंग करा. आधी पोर्ट ३ वरची ११ आणि त्याखालच्या टॅपची टीव्हीवाली घरं, सगळी मिळून ३४ आहेत.

२१ जून, शुक्रवार

वडाजवळच्या खांबावरचं काम होतं (खाली लिहितो कशाचं) आणि आज वटपौर्णिमा. सकाळी सातपासून बायकांची ही गर्दी. शिडी घेऊन उभे राहिलो, पूजा चालली असताना वर कसं चढणार, म्हणून बाजूला कट्ट्यावर बसलो. खांब वडाला चिकटूनच आहे त्यामुळं सूत वडाबरोबर आमच्या खांबालाही गुंडाळलं गेलं. बारक्याचं म्हणणं, आता ही लाइन सात जन्म टिकणार. दुपारी दोन वाजता चढलो, सूत न तोडता.

काम असं होतं. शेवटच्या भागातल्या १४ मोडेमचं डाउनस्ट्रीम (खाली येणारी लाइन) खराब, पण सगळे चॅनल नाही, फक्त ७६२ ते ८०२ मधले. बाकीच्यांचा एमईआर (डिजिटल सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा) ३८, ३९ आणि यांचा २९, ३०. ७५८ ते ८०३ म्हणजे मोबाइलच्या ७०० च्या पट्ट्यातली टॉवरकडनं फोनकडं जाणारी बाजू, आणि पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आहे. म्हणजे इथं मोबाइलचा सिग्नल आत घुसतोय. पण १३८ च्या मार्करवर या खांबापाशी मीटर मुका. शून्य.

हे मी आधी ऐकलं होतं, बघितलं आज. १३८ ची लाट दोन मीटरच्या वर लांब, ७८० ची ३८ सेंटिमीटर. बारीक फट, सैल आटा, झिजलेलं पॅकिंग, यातनं लांब लाट जात नाही पण आखूड निसटते. कमी फ्रिक्वेन्सीला शून्य दिसलं म्हणजे जास्तीला शून्य असं नाही, आणि उलटंही नाही. म्हणून दुसरा मार्कर ६१२ च्या शेजारच्या फटीत सोडला आणि २३ सेंटिमीटरचा छोटा डायपोल केला. इथं गुणक १३ च्या जवळ जातो, म्हणजे २० मायक्रोव्होल्ट पर मीटरला मीटरवर दीड मायक्रोव्होल्टच येतो, त्यामुळं मध्ये छोटा प्रीअ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारा) लावावा लागला नाहीतर मीटरला काही ऐकू येत नाही. लावल्याबरोबर खांबाखाली ७०.

१४ ही मोडेम ज्या एका बिंदूच्या पुढं आहेत तो नकाशात शोधला, खांबावरचा तिसरा अ‍ॅम्प. त्याच्या आऊटपुटला जाडी वायर जिथं शिरते तो कनेक्टर हातानं हलत होता. मागं फांदी पडली होती तेव्हा वायर ओढली गेली असणार. झाकणाचे सहापैकी दोन बोल्टही गायब. कनेक्टर सोडून टोक कापून परत बसवला, आतला सीझर स्क्रू (मधली तार पकडून ठेवणारा) आवळला, झाकणाचं पॅकिंग बदललं, बोल्ट समोरासमोरचे एकाआड एक असे आवळले. ७० चे ५. एमईआर ३७.

सूत शाबूत आहे.

२४ जून

फिल्टर ३४ पैकी २२ लागले. बाकीची घरं दिवसा बंद असतात. खरं तर फिल्टर टॅपवर लावायचा, घर उघडं असायची गरज नाही, पण वायरीला टॅग नाहीत आणि कुठली कुणाची ते घरात टीव्ही बघितल्याशिवाय कळत नाही. टॅग लावायचं काम फिल्टरइतकंच महत्त्वाचं, आता हातासरशी दोन्ही करतोय.

२९ जून, शनिवार

फायनल. मी आणि बारक्या कंट्रोल रूममध्ये, एका स्क्रीनवर मॅच, एका स्क्रीनवर नोड ७. शेवटच्या ओव्हरला एसएनआर ३२.८, तिन्ही अपस्ट्रीम ६४ क्वॅमवर. बाउंड्रीवरचा तो कॅच झाला तेव्हा बारक्यानं उडी मारली आणि पॉवर स्ट्रिपला पाय लागून आमचीच स्क्रीन गेली. गिऱ्हाइकाचा एकही फोन नाही.

३० जून

शिल्लक: १२ फिल्टर. ११ पैकी तीन गळत्या, तिन्ही २० आणि २३ च्या टॅपवर, सावकाश होतील. दर महिन्याला दोन्ही डायपोल घेऊन एक फेरी, पहिला रविवार.

आणि दुसऱ्या गल्लीतल्या बंगल्यावर आज जाता जाता मीटर परत कोकलला, २१०. रंगकाम चाललंय, रंगाऱ्यानं परांची बांधताना आमची नवी वायर कापली आणि बिचाऱ्यानं इमानदारीत जोडूनही ठेवली. पिळलेल्या तारा, काळी टेप, वर दुधाची पिशवी. यावेळी भोक नाही पाडलेलं. २६ चा टॅप आहे, सोमवारी बघू.